'आणि संच' म्हणजे नेमके कोण?

मित्रांनो, एप्रिल महिन्यात आपल्या कुठल्याही वस्तीत जा आणि चौकातला बॅनर वाचा. वर महामानवांचे फोटो, खाली नगरसेवकापासून मंडळाच्या खजिनदारापर्यंत सगळ्यांचे चेहरे, मधोमध गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, आणि त्या नावाच्या शेपटाला दोन शब्द: 'आणि संच'. आम्ही त्या दोन शब्दांत राहतो. गेली १४ वर्षे आम्ही भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटार वाजवतो.

पोट मात्र गिटारवर नाही. आम्ही अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला वायरमन आहोत. पहिली पाळी सकाळी ७ ची. राहायला कल्याण पूर्वेला. म्हणजे पहाटे उठायचे, विठ्ठलवाडी, उल्हासनगर करत अंबरनाथ गाठायचे, दिवसभर पॅनेल, मोटारी आणि जळालेले काँटॅक्टर बघायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हात धुऊन गिटार काढायची. हात धुणे ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ग्रीस काढायला रॉकेलने हात चोळले की बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडते. तारा दाबून दाबून तयार झालेले घट्टे हीच गिटारवाल्याची कमाई, आणि ती आम्ही रोज कंपनीच्या बेसिनमध्ये थोडी थोडी वाहून देतो. एकदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी डाव्या हाताची तर्जनी पत्र्याने कापली. फेविक्विक लावून वाजवले. कुणी तसे करू नये.

चाळीत भिंत एकच. पलीकडे दहावीची पोरगी अभ्यास करते. म्हणून रात्री सरावाला बसताना तारांखाली, ब्रिजपाशी, जुना मोजा कोंबतो. आवाज ठक ठक एवढाच येतो. पत्नी म्हणते, तुमच्या गिटारपेक्षा माझे लाटणे जास्त सुरात वाजते. तिचे खोटे नाही. पण हात चालता राहतो, आणि नोकरी करून वाजवणाऱ्याला हात चालता ठेवणे एवढेच शक्य असते. आठवड्याला चार तास मिळाले तर तो आठवडा चांगला.

गिटार शिकलो ती चर्चच्या कॉयरला वाजवणाऱ्या एका गोवेकर अंकलकडून. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, त्या जुन्या वळणाचे हे गृहस्थ. त्यांनी आम्हाला एफची कॉर्ड दाबायला शिकवली आणि एक पैसा घेतला नाही. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली कोलकात्याची गिव्हसन अजूनही घरी आहे. पावसाळ्यात तिचे लाकूड ओल धरते, पोट फुगते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि बोटे रडकुंडीला येतात. एप्रिलच्या उन्हात उलटे होते. उघड्या स्टेजवर तारा तापून सैल पडतात, स्वर खाली घसरतो. म्हणून दर दोन गाण्यांनंतर खुंट्या पिळत बसलेला जो माणूस तुम्हाला दिसतो, तो वेळ काढत नसतो.

तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, भीमगीताला गिटार कशाला? ढोलकी, पेटी पुरेशी नाही का? खरे सांगायचे तर पुरेशी आहे. वामनदादा कर्डकांनी हयात गावोगाव फिरून गाण्यात घालवली, त्यांना गिटारची गरज पडली नाही. गिटार असली तर तिने काय करू नये, हे शिकायलाच आम्हाला पाच वर्षे लागली. आमचे गायक काळी एकमध्ये गातात. मग पहिल्या घरात कॅपो लावायचा आणि सीची बोटे ठेवायची. काळी दोन सांगितली तर कॅपो तिथेच, बोटे डीची. इथपर्यंत सोपे आहे. पण पेटी जुनी असते, तिचा सूर थोडा चढा असतो. मोबाइलमधला ट्यूनर म्हणतो गिटार बरोबर आहे, पेटी म्हणते नाही. अशा वेळी पेटीचे ऐकायचे, कारण पेटीच्या सुरपट्ट्या काही स्टेजवर घासता येत नाहीत. आणि चालीचे काय? आपण बेफिकीरपणे मेजर कॉर्ड दाबून बसावे आणि गायकाने नेमका कोमल गंधार लावावा, की गाणे जागीच आंबट होते. म्हणून जिथे खात्री नसते तिथे आम्ही फक्त सा आणि प वाजवतो.

ताल बहुतेक वेळा केरवा. आठ मात्रा. त्या आठ मात्रांत आमचे ढोलकीवाले नाना इतके काही भरतात की गिटारला बसायला जागा उरत नाही. सुरुवातीला आम्ही मात्र सगळीकडे खर्र खर्र हात मारत सुटायचो. एकदा तालमीत नाना थांबले आणि हसत म्हणाले, "दादा, जरा आम्हालाही जगू द्या की."

सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या वाक्याकडे पुन्हा यायचे आहे.

नानांना कंपनी नाही, पीएफ नाही. एप्रिल-मे मध्ये कार्यक्रम, हिवाळ्यात लग्नाच्या हळदी, अधूनमधून एखादा तमाशाचा फड किंवा भजनी मंडळ. पावसाळ्यात ते ढोलक्या-तबल्यांना शाई लावून देतात, पाने चढवून देतात. दोन मुली शिकताहेत. एका कार्यक्रमाचे ते १,५०० रुपये घेत. आम्ही काहीच घेत नव्हतो. येण्या-जाण्याचे भाडे दिले तर ठीक, नाही दिले तरी ठीक. समाजाचे काम आहे, बाबासाहेबांचे काम आहे, पगार तर मिळतोच आहे, असे आम्ही म्हणायचो. म्हणताना छाती थोडी फुगायची, हेही कबूल करतो. निवेदक माइकवरून सांगायचा, "आमचे गिटारवादक एक रुपयाही मानधन घेत नाहीत!" टाळ्या पडायच्या. नाना शेजारी बसून ढोलकीच्या कड्या सारखत असायचे.

दोन वर्षांपूर्वी एका जयंतीचा कार्यक्रम आटोपून आम्ही दोघे रात्री एक वाजता स्टेशनवर उभे होतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम, जयंतीला बारापर्यंत सवलत मिळालेली, त्यामुळे उशीर झाला होता. शेवटची गाडी निघून गेलेली. नाना गप्प होते. आम्ही विचारले, काय झाले? त्यांनी खिशातून पाकीट काढून दाखवले. आत ५०० रुपये. संयोजक त्यांना म्हणाले होते, "गिटारवाले दादा फुकट येतात, तुम्हालाच पैसे कशाला लागतात? तुम्ही काय समाजाचे नाही का?"

मित्रांनो, त्या रात्री आम्हाला जी लाज वाटली ती लिहून सांगता येणार नाही. आम्ही समजत होतो आम्ही दान करतोय. दान आम्ही करत होतो आणि पैसे नानांच्या खिशातून जात होते.

आता यावर आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सुनावले की, चळवळीत पैशाची भाषा आली की चळवळ संपते. वामनदादांनी कधी पैसा पाहिला का? आमचे उत्तर असे. वामनदादांची गरिबी हा त्यांच्यावर झालेला अन्याय होता, पुढच्या पिढीच्या वादकांसाठी काढलेला फतवा नव्हता. ज्या माणसाची गाणी घराघरात गेली त्याला पैशाची चणचण का राहिली, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारायचा. तो ढोलकीवाल्याच्या तोंडावर फेकायचा नाही.

दुसरे असे की, त्याच कार्यक्रमात डीजेचे बिल पूर्ण दिले होते. मंडप, जनरेटर, बॅनर छापणारा, सगळ्यांचे दिले होते. त्यांना कुणी विचारले नाही की तुम्ही समाजाचे नाही का. डीजेवाल्याकडे यंत्र असते, यंत्राला भाडे असते, हे सगळ्यांना कळते. नानांकडे फक्त हात असतात.

आणि तिसरे, जे आम्हाला सगळ्यात जास्त टोचते. गावगाड्यात वाजवणे हे काही जातींच्या माथी मारलेले काम होते. लग्न पाटलाच्या घरचे, सनई-डफडे आपल्या माणसाचे, आणि मोबदला काय, तर सुगीत पाटीभर ज्वारी आणि त्या दिवशीचे उरलेले अन्न. नानांचे आजोबा असेच सनई वाजवायचे. त्याला कुणी मजुरी म्हणत नव्हते, 'मान' म्हणत होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये सांगितले की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. आता आपल्याच स्टेजवर आपण शाल, नारळ आणि 'मान' देऊन वादकाला घरी पाठवत असू, तर बलुत्यात आणि यात फरक तो काय? आमच्या गिटारला गावगाड्यात जागाच नव्हती. तिच्यावर कुठल्या जातीचा शिक्का नाही. म्हणून आम्हाला फुकट वाजवणे थोर वाटू शकते. नानांच्या ढोलकीला तो थाट परवडत नाही.

तेव्हापासून आम्ही पैसे घेतो. नाना जेवढे घेतात तेवढेच, एक रुपया कमी नाही. घेतल्यावर आम्हाला मंडळाला वर्गणी द्यायची असेल तर वेगळी देतो आणि रीतसर पावती फाडायला लावतो. वादक म्हणून घेतलेले वेगळे, समाजाचा घटक म्हणून दिलेले वेगळे. काही मंडळांनी आम्हाला बोलावणे बंद केले. एका निवेदकाने माइकवरून टोमणाही मारला. गायक आमच्या बाजूने आहेत असे म्हणतात, पण संयोजकाशी बोलायची वेळ आली की त्यांचा गळा बसतो.

अडचणी नाहीत असे नाही. खरोखर पैसे नसलेल्या वस्त्या आहेत. मागच्या वर्षी वीटभट्टीवरच्या लोकांनी बोलावले होते, जेमतेम दोन बल्बची लाइट आणि पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला बोर्ड. तिथे गेलो, पैसे घेतले नाहीत. पण जायचे की नाही ते आधी सगळ्या संचाने मिळून ठरवले, आणि त्या दिवसापुरता नानांचा भार आम्ही नोकरीवाल्या तिघांनी वाटून घेतला. नाना आधी घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "तिथे मी समाज म्हणून आलो होतो, दादा." आमच्याकडे यावर उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी निम्मे घेतले.

त्या पुठ्ठ्याच्या बोर्डावर मात्र सहाही जणांची नावे होती. आमच्या नावापुढे 'गिटर' लिहिले होते.

येत्या बुद्धपौर्णिमेसाठी त्या जुन्या ५०० रुपयेवाल्या मंडळाचा निरोप आला आहे. आम्ही दोन गोष्टी कळवल्या. संचातल्या प्रत्येकाला ठरलेले मानधन कार्यक्रमाआधी, आणि बॅनरवर 'आणि संच' ऐवजी नावे. आठ दिवस झाले, फोन आलेला नाही. नाना रोज विचारतात, काही कळले का? त्या तारखेला त्यांना हळदीचेही एक काम येते आहे, त्यांना आज-उद्या हो-नाही सांगावे लागेल.

जयभीम.