वाट देणे, वाट पाहणे

मराठीत वाट देता येते, पाहता येते, अडवता येते आणि लावताही येते. एकाच नामाची ही चार रूपे जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावी बस थांबते तेव्हा प्रत्यक्ष दिसतात.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. तेव्हापासून खेड्यातील माणूस तिची वाट पाहत आला आहे. मोटारचालकाला मात्र थांबलेली बस वाट अडवणारी वाटते आणि तो तिला घाईने ओलांडू पाहतो. बस थांबली याचा अर्थ माणसे उतरत आहेत. उतरलेले एखादे मूल बसच्या पुढून रस्ता ओलांडू लागले, तर बसच्या आडोशामुळे ते आपल्याला दिसत नाही आणि आपली मोटार त्याला दिसत नाही. मागून जातानाही एवढे ध्यानात ठेवावे : बसचा आरसा आपल्याला दिसत नसेल, तर तिच्या चालकालाही आपण दिसत नसतो. अशा वेळी क्षणभर वाट पाहणे, हेच वाट देणे ठरते.

तुमच्यापैकी कोणी अभ्यासकेंद्रावर बसने येत असेल, कोणी मोटारीने. उद्या आसने बदलतील. क्रियापद तेवढे बदलू देऊ नका.