सामाजिक एकोप्याची दीर्घकालीन कुटुंब पाहणी : सोलापुरातील अनुभव

सामाजिक एकोपा आणि संघर्ष यांच्या दीर्घकालीन पाहणीत त्याच कुटुंबांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटून त्यांचा शेजार, परस्परविश्वास आणि तंटे यांची नोंद घेतली जाते. एकाच फेरीत त्या वेळची भीती किंवा निर्धास्तपणा कळतो. तो वाढला की ओसरला, हे दुसऱ्या फेरीशिवाय कळत नाही. भारतीय मानव विकास पाहणीने 2004-05 मध्ये 41,554 कुटुंबांची माहिती घेतली आणि 2011-12 मध्ये त्यांपैकी बहुतेकांना पुन्हा गाठले. वस्तीत भांडणे होतात का, पाण्याच्या अडचणीत लोक एकत्र येतात का, असे प्रश्न तिच्यात होते.

सोलापुरात पहिला प्रश्न नमुना निवडीचा. गिरण्या आणि मागांनी वाढवलेल्या या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे राहतात. एकाच समाजाच्या गल्ल्या आणि मिश्र वस्त्या यांचे स्वतंत्र गट पाडून दोन्हींतून कुटुंबे निवडावी लागतात; नाहीतर मिश्र शेजाराचा परिणाम तपासताच येत नाही.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. कुंभारी येथील रे नगरात जानेवारी 2024 मध्ये असंघटित कामगारांना 15,000 घरे देण्यात आली. अशी कुटुंबे हलली की जुना पत्ता निरुपयोगी ठरतो. त्यांना यादीतून गाळणे मोठ्या नुकसानीचे, कारण नवा शेजार कसा जुळतो हे त्यांच्याकडूनच समजते. म्हणून पहिल्या फेरीतच एखाद्या नातेवाइकाचा संपर्क, कुटुंबाच्या संमतीने, नोंदवून ठेवावा.

प्रश्नांची भाषा सर्वांत महत्त्वाची. प्रस्तुत लेखकाला शहराच्या पूर्व भागात थेट प्रश्नावर हमखास एकच उत्तर मिळे : ‘इथं सगळे गुण्यागोविंदानं राहतात.’ मांडीवरच्या सुपात विड्या वळणारी बाई सासूसमोर एवढेच सांगे. सासू आत गेली की रात्री दवाखान्यात जाताना कोणाला हाक मारली, उसने पैसे कोणी दिले, शेजारच्या लग्नाचे आमंत्रण होते का, कोणत्या रस्त्याने मुलींना पाठवत नाही, हे ती न अडखळता सांगे. मतापेक्षा घडलेला व्यवहार विचारला की माणूस मोकळा होतो. त्यासाठी मुलाखत घरच्या भाषेत आणि शक्यतो एकांतात व्हावी. ऑक्टोबर 2002 च्या दंगलीसारखे दुखरे विषय शेवटी घ्यावेत आणि उत्तर न देण्याची मुभा आधीच सांगावी.

गोपनीयतेत तडजोड चालत नाही. गल्ली, धर्म आणि भाषा एकत्र आली की कुटुंब ओळखता येते, आणि अशी यादी दंगलखोरांच्या हाती पडली तर जिवावर बेतते. नावे-पत्ते उत्तरांपासून वेगळे, कुलुपात ठेवावेत आणि निष्कर्ष गल्लीच्या नव्हे, मोठ्या विभागाच्या पातळीवर मांडावेत. प्रत्येक फेरीनंतर ते वस्तीत जाऊन सांगावेत. ज्यांनी माहिती दिली त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, आणि पुढच्या फेरीला दार उघडे राहते ते याच विश्वासावर.