पिकअपच्या इंजिनातली ‘शिल्लक’ शक्ती

जानेवारी उजाडला, पोंगल झाला, की तंजावूर जिल्ह्यात सांबा भाताची कापणी जोर धरते. डांबरी रस्त्यांच्या कडेला भात वाळत पडते, हवेत भुसा तरंगू लागतो आणि छोटे डिझेल पिकअप पोत्यांचे डोंगर घेऊन सरकारी खरेदी केंद्रांकडे धावू लागतात. अशाच एका पिकअपचा मालक पन्नाशीचा गृहस्थ आहे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जी मराठी घरे तिकडे गेली, त्यांपैकी एका घराचा तो वंशज. घरात तंजावरी मराठी, बाजारात तमिळ आणि देवनागरी मात्र वाचता येत नाही, अशी त्याची भाषिक अवस्था आहे. तिकडच्या अनेक मराठी घरांची ती तशीच आहे.

यंदा त्याची गाडी दमू लागली. तिसऱ्या गिअरमध्ये जो जोर पूर्वी येई, तो येईना. ओळखीच्या एकाने उपाय सुचवला. काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक पेटी इंजिनाच्या वायरीत जोडायची, की शक्ती वीस टक्क्यांनी वाढते. कंपनीने इंजिनात शक्ती राखून ठेवलेली असते, ती नुसती मोकळी करायची, असा त्या माणसाचा दावा होता. ‘राखून ठेवलेली’ हा शब्द गृहस्थाच्या मनात रुतून बसला. आपल्याच पैशाने घेतलेल्या गाडीतले काही आपल्यापासून लपवलेले आहे, ही भावना कोणालाही अस्वस्थ करील.

त्याची पुतणी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिने काकाला पेटी घेऊ नका असे सांगितले नाही. ती पेटी काय करते, एवढेच समजावून सांगितले.

जुन्या डिझेल इंजिनात शक्ती वाढवण्याचा मार्ग उघडा होता. पंपाचा स्क्रू फिरवला की इंधन वाढे, आणि वाढलेल्या इंधनाची साक्ष मागे काळ्या धुराने मिळे. आजच्या कॉमन रेल इंजिनात हजार-दीड हजार बार किंवा त्याहून अधिक दाबाखाली डिझेल एका नळीत साठवलेले असते. किती क्षण इंजेक्टर उघडा ठेवायचा, हे संगणक ठरवतो. ती पेटी दाब मोजणारा संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि खोटे बोलते. दाब १३०० बार असला तर संगणकाला ११०० सांगते. बिचारा संगणक दाब वाढवतो, आणि इंजेक्टर तितकाच वेळ उघडा राहिला तरी आत जास्त डिझेल जाते. द्रवाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दाब २० टक्के वाढला तर इंधन साधारण साडेनऊ टक्के वाढते. जाहिरातीतल्या वीस टक्क्यांपैकी निम्मे तर या वर्गमुळातच गळून जातात.

उरलेल्याचा प्रश्न हवेशी आहे. डिझेल इंजिनात इंधनाची टंचाई कधीच नसते, टंचाई असते ती हवेची. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. पण जाळण्याचे काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकायचे असल्याने ही हिशेबी हवा पुरत नाही. म्हणून कारखान्यातले अभियंते पूर्ण भारावरही हवा १८ पटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त ठेवतात. त्याखाली गेले की काजळी वाढते, धुराचे तापमान चढते आणि टर्बोची पाती, पिस्टनचा माथा यांच्यावर ताण येतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. ज्वाळेचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. पिस्टन टिकतो तो केवळ ज्वाळा क्षणभराची असते आणि खालून तेल त्याला थंड करत राहते म्हणून.

मग कंपनीने राखून ठेवलेले ते काय? पुतणीने काकालाच उलट विचारले, मे महिन्यात तंजावुरात उन्हाळा किती? चाळीस अंशांच्या घरात. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ असते. त्यात भुशाने अर्धवट बुजलेला एअर फिल्टर, कधी भेसळीचे डिझेल आणि परवान्यापेक्षा जास्त पोती. इंजिन ज्या राखीव अंतरावर जगते, ते अंतर याच गोष्टींसाठी ठेवलेले असते. तंजावूरचा रस्ता ते रोज वापरतोच आहे. पेटीवाला जी शिल्लक विकत होता, ती कधीच खर्च होऊन गेलेली होती.

गाडी का दमली, हे गॅरेजात अर्ध्या दिवसात कळले. एअर फिल्टर भाताच्या कोंड्याने गच्च भरला होता आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर गेली होती. हवा कमी येते आहे हे संवेदकांवरून ओळखून संगणक इंधन आखडत होता. श्वास अपुरा म्हणून त्याने घासही लहान केला होता. पेटी बसवली असती तर संगणकाला हेच करता आले नसते. नळी बदलली, फिल्टर नवा घातला, टायरांतली हवा तपासली. गाडी पूर्ववत झाली. याला ‘ट्यूनिंग’ म्हणायची कोणाला हौस वाटत नाही, पण इंजिन सुरात लावणे या मूळ अर्थाने हेच ते.

तरीही वीस टक्क्यांचा मोह सुटलेला नव्हता. तेव्हा पुतणीने एक हिशेब मांडला. विद्यार्थ्यांनी तो स्वतः करून पाहण्याजोगा आहे. भारासह तीन टनांची गाडी, सपाट रस्ता, वेग ताशी ६० किलोमीटर. चाकांच्या घर्षणाला सुमारे ३५० न्यूटन, हवेच्या रोधाला जवळपास तेवढेच. एकूण ७०० न्यूटनला सेकंदाला १६.७ मीटरने गुणले की बारा किलोवॉटांच्या आत, म्हणजे सोळाएक अश्वशक्ती. इंजिन सत्तर-ऐंशी अश्वशक्तीचे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश ताटासारखा सपाट आहे, त्यामुळे तीन-चतुर्थांश इंजिन बहुतेक वेळ रिकामेच असते. घाटात शंभर मीटरला पाच मीटर चढ असता, तर आणखी तीसेक अश्वशक्ती लागली असती. तंजावूर ते कुंभकोणम हा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा आहे. तेथे वाढीव शक्तीचा उपयोग फक्त थांबून पुन्हा वेग घेताना. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद वाचतात. वाटेत वीसदा थांबावे लागले, तरी सगळी बचत मिनिटभराची.

अमेरिकेत या खेळाचे प्रमाण निराळे आहे. तिथल्या जड पिकअपांना कारखान्यातूनच पाचशे अश्वशक्तीपर्यंतची इंजिने मिळतात आणि तरीही लोक त्यांचे संगणक बदलतात, धूर गाळणारे भाग काढून टाकतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० च्या नोव्हेंबरात अंदाज मांडला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची प्रदूषणरोधक यंत्रणा निकामी करण्यात आली. त्यांच्या आयुष्यभरात नायट्रोजन ऑक्साइडांचे ५,७०,००० टनांहून अधिक वाढीव प्रदूषण होणार होते. रस्त्यावर नव्वद लाख नव्या पिकअप आणून सोडाव्यात, तेवढे ते होते. दोष केवळ हौशी मालकांचा नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात इंजिननिर्मात्या कमिन्सने पिकअपच्या इंजिनांबाबतच्या अशाच आरोपांवरून १.६७५ अब्ज डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानके लागू झाली. डिझेल मोटारींना किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली, इंधनातले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. या प्रत्येक आकड्यामागे रिफायनरींचा आणि प्रयोगशाळांचा अवाढव्य खर्च आहे. तो एका पेटीने रस्त्यावरच रद्द करता येतो, ही गोष्ट मात्र शाळा-महाविद्यालयांत फारशी शिकवली जात नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरबदलांना आडवे येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकालाही दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. गृहस्थाला कायद्याची भीती विशेष वाटली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. त्याला पटले ते मिनिटभराचे गणित.

कारण त्याचा खरा वेळ रस्त्यावर जातच नाही. खरेदी केंद्रावर भाताची आर्द्रता मोजतात. मर्यादा सतरा टक्क्यांची. अवकाळी पाऊस झाला की भात ओले राहते, पोती परत उतरवावी लागतात, रांग लांबते आणि गाडी इंजिन बंद करून एक रात्र, दोन रात्री तिथेच उभी असते. मालक ताडपत्रीखाली झोपतो.

पेटी त्याने घेतली नाही. पुतणीकडे मात्र त्याने दुसरा हिशेब मागितला आहे. वीस टक्के आर्द्रतेचे भात, ताडपत्रीवर चार बोटे जाडीचा थर, माघातले ऊन. सतरावर यायला किती तास?