एका घड्याळाखाली

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही. तरीही मालवणात बसून ट्रॅकवरील गाडीची चित्रफीत आणि तिचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरची स्थिती इत्यादी आकडे एकत्र नोंदवणारे यंत्र जुळवावे, ही इच्छा माझ्या मनात उत्पन्न झाली ती माझ्या मावसभावामुळे. कोइमतूरजवळच्या चेट्टीपाळयम येथील कारी मोटर स्पीडवेवर तो सरावाला जाई आणि परतल्यावर प्रत्येक वळणाचे वर्णन तन्मयतेने करी. परंतु ज्याचे चित्त आणि हातपाय एकाच क्षणी वेगाच्या स्वाधीन झालेले असतात, त्याची जबानी कितीही प्रामाणिक असली तरी पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तयार परदेशी संच ऐपतीबाहेरचे. सबब एक ॲक्शन कॅमेरा, ईएसपी ३२ चा छोटा बोर्ड, सेकंदाला १० नोंदी देणारा जीपीएस रिसीव्हर, मेमरी कार्ड आणि डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी पोर्टात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर, एवढ्यावर भागवण्याचे मुक्रर केले. १० नोंदींचा आग्रह निष्कारण नव्हता. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला एकच नोंद करणाऱ्या रिसीव्हरच्या दोन नोंदींमध्ये एखादे आखूड वळण सुरू होऊन संपूनही जाते.

जोडकाम शिकवले ते मालवण बंदरात होड्यांवर जीपीएस व फिशफाइंडर बसवणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी. "झिला, तार उघडी ठेवलंस तर खारो वारो तिका खाऊन टाकतलो," असे म्हणून त्यांनी प्रत्येक डाग दिलेल्या सांध्यावर आतून डिंक असलेली नळी चढवली आणि ती तापवून, कडेने डिंकाचा बारीक थेंब बाहेर येईपर्यंत, आवळून घेतली.

खरी अडचण खर्चाची नव्हती, कालाची होती. कॅमेऱ्याचे घड्याळ निराळे, जीपीएसचे निराळे, आणि ओबीडीचे उत्तर तर प्रश्न विचारल्यावर काही विलंबाने येणारे. अशा तीन साक्षीदारांच्या कैफियती एकाच क्षणाच्या आहेत असे मानून निष्कर्ष काढणे म्हणजे स्वतःची फसवणूक. म्हणून रिसीव्हर दर सेकंदाला जो विद्युत्स्पंद देतो त्यावर एक छोटा दिवा जोडून तो कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात बसवला, आणि मिनिटाच्या आरंभी तो अधिक वेळ पेटत राहील अशी तजवीज केली. तोच स्पंद कार्डावरही नोंदला जाई, त्यामुळे चित्र आणि आकडे एका फ्रेमच्या अंतराने जुळू लागले. ओबीडीचा विलंब कानांनी पकडला: उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर झटकन दाबला की चित्रफितीतील इंजिनाचा आवाज आधी चढतो, फेऱ्यांचा आकडा मागून, तेवढे अंतर हिशेबातून वजा केले. या साऱ्याची चाचणी जांभ्या दगडाच्या एका सड्यावर, मालकाच्या परवानगीने, नारळाच्या सोडणांच्या ढिगांभोवती मंद गतीने फेऱ्या घालून झाली.

कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. तेथे दोन फेऱ्यांचे आलेख कालानुसार न मांडता अंतरानुसार एकावर एक ठेवले, कारण त्याच जागी वेग किती होता हेच पाहायचे असते. आणि टायर किंचाळवत, वळणात उशिरा ब्रेक मारून घेतलेली जी फेरी भावाला अधिक वेगवान भासली होती, ती प्रत्यक्षात मंद निघाली. वळणात शिरताना मिळवलेला लाभ बाहेर पडताना ॲक्सिलरेटर उशिरा उघडल्याने गेला होता, आणि पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर ती तूट भरून निघाली नव्हती. तो बराच वेळ तो आलेख पाहत राहिला. मग पुढल्या खेपेस कोणत्या खुणेपाशी ब्रेक मारायचा, हे त्याने स्वतःच कागदावर मांडले.

ब्रेकवरील दाब मात्र त्या स्वस्त अडॅप्टरवाटे मिळत नाही. त्याचा अंदाज सध्या वेगाच्या उतारावरून बांधतो. मागच्या लाल दिव्याच्या तारेतून पेडल दाबल्याचा क्षण तरी नोंदता यावा, यासाठी नवी जोडणी चालू आहे.