ताई मार्चमध्ये जाणार आहे

नाणे मावळातून मुलाला समुपदेशनासाठी आमच्याकडे घेऊन आलेली आई विचारते, "ह्या ताई अजून शिकतायत ना? मग मॅडम, तुम्हीच बघा की." कामशेतपर्यंत एसटी, पुढे लोणावळा लोकल, दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई, तिला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. मी सरळ सांगते: हो, शिकतायत. प्रत्येक सेशन झालं की माझ्यासोबत बसून त्याची उजळणी करतात. आणि मार्चमध्ये त्या जाणार आहेत.

हे शेवटचं मुलाला सांगायला शिकाऊ मुली कचरतात. आत्ताच कशाला दुखवायचं त्याला? मला मात्र ते पहिल्या भेटीतच सांगायला हवं असं ठामपणे वाटतं. आमच्याकडची कितीतरी मुलं अशी, की त्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलीत. बाप चाकणला कंपनीत लागला तो सणावारालाच दिसतो. आजी वारली तेव्हा मुलाला मामाकडे धाडलेलं. त्यात ताईही अशीच दिसेनाशी झाली, तर वर्षभराचं काम पाण्यात.

एक मुलगा शाळेत तोंड उघडत नसे. सतरंजीवर तो खेळण्यातल्या गाड्या एकामागे एक लावायचा आणि पुढे बैल आडवा घालायचा. ताई शेजारी बसून राहिली. नाव, इयत्ता, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "रस्ता बंद झालाय." त्याने मान हलवली आणि दुसरा बैल आणला. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली प्लेथेरपी, म्हणजे खेळातून उपचार, यावरच्या पुस्तकात बजावलं होतं, की मुलाला घाई करू नका, वाट त्याला दाखवू द्या. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ती गप्प वीस-पंचवीस मिनिटं सोसणं फार अवघड, आणि मुरलेल्या माणसालाही ते दरवेळी जमतंच असं नाही.

खरं आधीच सांगण्याचा प्रश्न मोठ्या मुलांबाबतही येतो. अठरा ओलांडलेली मुलं एकटी येतात. "घरी कळणार नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सोखाली, म्हणजे २०१२च्या कायद्याने, पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नकोस, हे मी शिकाऊ मुलीला आधी शिकवते. जे पाळता येणार नाही ते कबूल करायचं नाही. जाण्याची तारीखही त्यातच आली.

जानेवारीत ताईने भिंतीवर उरलेल्या भेटींच्या चौकटींची पट्टी चिकटवली. दर भेटीला मुलगा एक चौकट रंगवी. मोजक्याच उरल्या तेव्हा त्याने गाडी भिरकावली आणि ओरडला, "जा ना मग आत्ताच!" जो शाळेत बोलत नव्हता, तो. त्या संध्याकाळी सुपरव्हिजनला, म्हणजे आमच्या उजळणीच्या बैठकीत, ताई रडली. मी तिला समजावलं, की जाणाऱ्या माणसावर तोंडावर रागावायची संधी त्याला बहुधा पहिल्यांदाच मिळाली, आणि ती तूच दिलीस. पुढच्या वेळी ती नेहमीच्या वेळेला सतरंजीवर हजर होती. तोही आला.

एप्रिलपासून दुसरी ताई आहे. तिची ओळख पहिलीनेच करून द्यायची, दोघींनी मुलासोबत एकदा तरी एकत्र बसायचं, एवढा नियम आम्ही पाळतो.