जागलीची रात्र, मोथ्याची सकाळ

रामटेकच्या गडावर मुख्य देवळाच्या आधी एक डुक्कर भेटतं. दगडाचं, भलं थोरलं, खांबांच्या मंडपात. गडाच्या एका दरवाजाचं नावही वराह दरवाजा. वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली ही मूर्ती. बदामीला किंवा विदिशेजवळच्या उदयगिरीला वराह अवतार दिसतो तो माणसाच्या धडाचा, वर डुकराचं तोंड असलेला. रामटेकच्या शिल्पकारानं ती वाट घेतली नाही. त्यानं पुरता प्राणीच घडवला. मार्चमधल्या एका दुपारी मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून होते. नागपूरहून 50 किलोमीटर आले होते ते खरं तर या दगडातल्या डुकराच्या जिवंत भाऊबंदांसाठी. दुसऱ्या दिवशी पेंचच्या जंगलात जायचं होतं आणि मधली रात्र जंगलाला लागून असलेल्या एका शेतात काढायची होती.

रामटेकला कालिदासाचं स्मारक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मानतात. मला मात्र तिथं आठवला तो शाकुंतलाचा दुसरा अंक. दुष्यंत शिकार थांबवायला सांगतो आणि आता रानातल्या जनावरांना कसं निवांत जगू द्यायचं ते बोलून दाखवतो. त्यात डुकरांचाही उल्लेख आहे, डबक्यात निर्धास्तपणे मोथा उकरणाऱ्या. मोथा म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नको झालेलं तण, लव्हाळ्याच्या जातीचं. वरून कितीही उपटा, जमिनीतल्या गाठीतून पुन्हा उगवतं. त्या गाठी सुगंधी असतात आणि डुकरांना त्या फार आवडतात. कवीनं हे पाहिलं असणार, ऐकीव माहितीवर असं लिहिता येत नाही. मलाही ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

मनसरला परत येऊन जबलपूरच्या रस्त्याला लागले. पवनीवरून डावीकडं वळलं की सिल्लारीचा रस्ता. दोन्ही बाजूंना साग, मधेच पांढऱ्या सालीचा धावडा, आणि शेतांच्या बांधांवर मोहाची झाडं, पानं गळून गेलेली. मोहाचा हंगाम नुकता लागत होता. ज्यांच्या शेतावर जायचं होतं ते साठीचे काका वाटेवरच उभे होते. तीन एकर जमीन, एका अंगाला नाला, नाल्यापलीकडं जंगल. गहू पिवळा पडत आला होता, शेजारी हरभरा घाटे भरून उभा होता. शेताच्या चारी बाजूंना जुन्या साड्या बांधलेल्या. लाल, निळ्या, जरीच्या काठाच्या, विरलेल्या. विदर्भात जंगलाकडेच्या शेतांना हे कुंपण सगळीकडं दिसतं. साडीचा फडफडाट आणि माणसाचा वास, एवढ्यावर जनावर बुजावं ही आशा. नाल्याच्या बाजूला सौर झटका मशीनची तारही होती. त्या तारेतला झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही मचाणावर चढलो. चार बल्ल्या, वर तुराट्यांचा माच, गोधडी, एक पत्र्याचा डबा आणि काठी. काकूही आल्या. धाकटा मुलगा बाहेरगावी कामाला, त्यामुळं जागलीच्या पाळ्या दोघांतच. नोव्हेंबरात धान असतं तेव्हा जागल, फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हासाठी जागल. वर्षातल्या किती रात्री दोघांनी डोळ्याला डोळा लावला नसेल, याचा हिशेब कुठल्याही कागदावर नाही.

साडेदहाच्या सुमारास नाल्याकडं काहीतरी हललं. मी विजेरी लावली. चार-पाच हिरवट ठिपके चमकले.

"ते चितळ हाये ताई," काका म्हणाले. "चितळाचे डोये चमकते. डुकराचे नाही चमकत. डुकराले कानानंच पाहा लागते."

हे वाक्य मी तिथंच वहीत उतरून घेतलं, कारण त्यात शास्त्र आहे. रात्री वावरणाऱ्या बहुतेक जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागं एक चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नाही. मुळात हे रात्रीचं जनावर नव्हेच. माणसाचा त्रास नाही तिथं ते सकाळ-संध्याकाळ, कधी भर दिवसाही चरतं. माणसाच्या धाकानं ते अंधाराकडं सरकलं. नजर अधू, पण कान तिखट आणि नाक त्याहून तिखट. त्या नाकाच्या शेंड्याला आतून एका छोट्या हाडाचा आधार असतो, म्हणून त्याच नाकानं ते वासही घेतं आणि घट्ट जमीनही उलथतं. म्हणजे हुंगण्याचं आणि खणण्याचं हत्यार एकच.

मध्यरात्र उलटल्यावर ते आले. आधी नुसती सळसळ, मग ओंब्या चावण्याचा मचमच आवाज, आणि मधूनच हलकं गुरगुरणं. कळप सतत असा बोलत असतो, अंधारात एकमेकांचा ठाव लागावा म्हणून. झटक्याची तार जिथं ओढ्याच्या खळग्यावरून जाते तिथं खालून वाट काढून ते शिरले होते. काकांनी डबा बडवला, काकूंनी आरोळी दिली. "हुफ्फ" असा एकच फुत्कार आला आणि पुढच्या क्षणी गहू फाटत जावा तसा आवाज नाल्याकडं निघून गेला. ताशी 40 किलोमीटरपर्यंत पळू शकणारं जनावर ते, तीन एकर ओलांडायला वेळ किती लागणार!

सकाळी उजाडता उजाडता नुकसान पाहिलं. सतरंजीएवढ्या चार-पाच जागी गहू आडवा झालेला. "खाते थोडं, लोयते जास्त," काकू म्हणाल्या आणि वाकून ओंब्या वेचायला लागल्या. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. पुढचे दोन खूर आणि त्यांच्या मागं, जरा बाहेरच्या बाजूला, वरच्या छोट्या खुरांची दोन टिंबं. चितळाच्या ठशात ही टिंबं सहसा उमटत नाहीत. एक ठसा मोठा होता, बाकी लहान, आणि काही तर रुपयाएवढे. पिलं बरोबर होती.

सिल्लारीच्या फाटकातून आमची जिप्सी आत शिरली. पेंच 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1999 साली महाराष्ट्राच्या भागाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. येणारा प्रत्येक जण वाघासाठी येतो. मी गाइडभाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं की मला डुकरं दाखवा. त्यांनी एकदा माझ्याकडं नीट पाहिलं आणि गाडी एका आटत चाललेल्या पाणथळीकडं घ्यायला लावली. वाटेत मोहाच्या एका झाडाखाली रात्रभर गळलेली फुलं पडली होती आणि त्यांच्याभोवती जमीन नांगरल्यासारखी. "पहाटेच खाऊन गेले," ते म्हणाले. मोह वेचायला येणाऱ्या बाया आणि डुकरं, दोघांची धाव एकाच टोपलीसाठी असते.

पाणथळीवर ते होते. मोजले तर अकरा. तीन मोठ्या माद्या, तीन-चार अर्धवट वाढलेली, आणि बाकी पिलं, तपकिरी अंगावर फिकट पिवळे पट्टे असलेली. हे पट्टे वाळलेल्या गवतात पिलाला लपवतात आणि पाच-सहा महिन्यांत नाहीसे होतात. कळप माद्यांचाच असतो. आई, तिच्या वयात आलेल्या मुली, त्यांची पोरं. नर वयात आला की बाहेर पडतो आणि एकांडा राहतो, माजाच्या दिवसांतच कळपाशी येतो. सगळ्यांत मोठी मादी पाण्याच्या काठावर उभी होती, नाक वर करून वारा चाळत. पाठीवरचे राठ, लांब केस कण्याच्या रेषेत उभे राहिले होते. आपल्याकडच्या रानडुकराची हीच खूण, शास्त्रीय नावातला "क्रिस्टाटस" हा शब्द या तुऱ्यावरूनच आला. वारा आमच्याकडं येत होता. आमचा वास तिला लागला नाही. केस हळूहळू खाली बसले.

आणि मग मी ते पाहिलं. काठाच्या ओल्या चिखलात मोथा माजला होता. दोन माद्यांनी त्यात नाक खुपसलं आणि ढकलत पुढं निघाल्या. मागं माती उलटी पडत होती, फाळ फिरल्यासारखी, आणि त्या उलट्या मातीतून पिलं गाठी, गांडुळं, किड्यांच्या अळ्या टिपत होती. चावण्याचा बारीक कुरकुर आवाज गाडीपर्यंत येत होता. दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटकातलं दृश्य माझ्यापासून तीसेक पावलांवर चालू होतं आणि त्यात एक कणही बदललेला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

या जनावराचं तोंड पाहावं. एकूण 44 दात. एवढे पुरे दात टिकवून ठेवणारे सस्तन प्राणी फार थोडे. कंद, फळं, धान्य, किडे, अंडी, बेडूक, मेलेलं जनावर, सगळं चालतं. गाईसारखं रवंथ नाही, माणसासारखं साधं एककप्पी पोट. नराचे सुळे जन्मभर वाढत राहतात. वरचा सुळा बाहेर वळून वर येतो आणि खालचा त्याच्यावर घासून घासून धार धरतो, म्हणजे तोंडातच सहाण. नर आपसात भिडतात ते खांद्याला खांदा लावून, म्हणून खांद्यापासून बरगड्यांपर्यंत त्यांच्या कातडीखाली जाड, चिवट थर असतो, ढालीसारखा. असा नर उलटला तर वाघालाही फाडू शकतो. तरीही वाघ, बिबट आणि रानकुत्रे यांचं पोट ज्यांच्यावर भरतं त्यांत रानडुकराचा वाटा मोठा आहे, विशेषतः पिलांचा.

मोथा संपवून मोठी मादी चिखलात आडवी झाली. डुकराच्या अंगात घामाच्या ग्रंथी नावापुरत्याच, त्यानं अंग थंड होत नाही. उन्हाळ्यात चिखल हाच त्याचा घाम. चिखल वाळला की झाडाला अंग घासायचं, गोचिड्या त्याबरोबर निघून जातात. काठावरच्या सागाचा बुंधा गुडघ्याच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता आणि त्याला वाळल्या चिखलाची पुटं होती. घाण म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो ते त्याचं स्नान आहे, आणि मला ते नाव ठेवणं अन्यायाचं वाटतं.

पिलं तिच्याकडं धावली, ढुसण्या देत ओळीनं लागली. जन्मानंतर काही दिवसांतच प्रत्येक पिलाचा सड ठरून जातो, मग ते तोच धरतं. गाभण मादी साधारण 115 दिवसांनी विते. त्याआधी ती कळप सोडते, गवत आणि फांद्या तोंडानं तोडून आणते, ढीग रचते आणि त्याच्या पोटात शिरून पिलं देते, बहुधा चार ते सहा. खूर असलेल्या जनावरानं पक्ष्यासारखं घरटं बांधावं! गाइडभाऊंनी असा एक ढीग लांबून दाखवला. त्याच्या जवळ ते स्वतःही जात नाहीत. पिलांपाशी असलेली मादी अंगावर यायला मागंपुढं पाहत नाही, आणि तिचा मारा माणसाच्या मांड्यांवर येतो.

तेवढ्यात मागून दोन जिप्स्या भरधाव आल्या. कुठंतरी वाघाची चाहूल लागली होती. धुरळ्याबरोबर कळप गवतात शिरला, पिलं शेपट्या ताठ उभ्या करून आईच्या मागं.

दुपारी परतताना महामार्गावर देवलापारच्या पुढपर्यंत जाऊन आले. जंगलातून जाणारा हा 44 क्रमांकाचा रस्ता चौपदरी करताना त्याच्याखालून जनावरांसाठी 9 भुयारी वाटा आणि पूल ठेवले. 2019 साली तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत 18 जातींची रानजनावरं दिसली, वाघही आणि रानडुकरंही. वाट दिली तर जनावर ती घेतं, एवढं तिथं सिद्ध झालं आहे.

शेतात मात्र अजून बऱ्याच जागी त्याला मरण दिलं जातं. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती सोडलेली थेट वीज, हे त्याचं सगळ्यांत वाईट रूप. डुकरासाठी लावलेल्या अशाच तारेला चिकटून 2017 साली नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा वाघ मेला. माणसंही मरतात, पुष्कळदा त्याच शेतातली. काकांनी अशी तार कधी लावली नाही. "माहीच बकरी मरन, माहीच नातू मरन," एवढंच ते म्हणाले. पण त्यांनी गेल्या हंगामातल्या नुकसानीचा अर्ज केला होता आणि पंचनाम्याला माणूस आला तोवर धान कापून झालं होतं. रात्री जागून जो वाघाचं अन्न जिवंत ठेवतो त्याची भरपाई पीक उभं असतानाच मोजली गेली पाहिजे, आणि झटक्याचं कुंपण एकेकट्या शेताला न देता गावाच्या सगळ्या शिवाराला एकत्र दिलं पाहिजे. एकाच्या शेतातून हाकललेला कळप दुसऱ्याच्या शेतात जातो, दुसरं काय होणार?

निघताना काकूंनी ओंजळभर हरभऱ्याचे घाटे पदरातून माझ्या पिशवीत टाकले. पेंचला जाल तेव्हा जिप्सी एखाद्या आटत्या पाणथळीवर दहा मिनिटं थांबवायला सांगा. आणि जंगलाकडेच्या गावात कुणी जागलीला बोलावलं तर एक रात्र मचाणावर जाऊन बसा.