चर्चगेटचे मूळ चर्च

ज्या चर्चमुळे चर्चगेट स्थानकाला नाव मिळाले, ते सेंट थॉमस कॅथीड्रल स्थानकापासून बरेच पूर्वेला, हॉर्निमन सर्कलजवळ आहे. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी १६७६ मध्ये बांधकाम सुरू केले. पुढच्याच वर्षी सुरतेस ते वारले आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच राहिल्या. अखेर रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. १८३७ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा लाभला. मुंबईच्या जुन्या मैलांच्या दगडांवरील अंतरे येथूनच मोजलेली आहेत. व्यापारी शहराचा शून्य मैल देवळाच्या दारी असावा, हे मोठे गमतीचे!

आतील भिंती स्मृतिशिलांनी भरल्या आहेत. त्यांवरील वये वाचताना मन गलबलते. कितीतरी जण ऐन तारुण्यात ताप, समुद्र वा लढाई यांना बळी पडले. या गर्दीत जैन वाचकाने थांबावे ते जोनाथन डंकन यांच्या स्मारकापाशी. सोळा वर्षे मुंबईचे गव्हर्नर राहिलेले डंकन १८११ मध्ये येथेच निवर्तले. कोरीव लेखात त्यांच्या लढायांचा नव्हे, तर काशी व काठेवाडातील बालहत्या बंद केल्याचा गौरव आहे. जन्मतःच मुलींना मारण्याची ती चाल होती. लेखातील ‘बंद’ हा शब्द मात्र घाईचा ठरला. १८७० मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.